नसलेल्या विहिरीचं पाणी

माझ्या बहिणीचं लग्न विहीर बघून ठरलं. मुलगा नंतर बघितला.

भिवंडीत आमच्या चाळीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. वडील यंत्रमागावर कामाला होते. शिफ्ट संपवून घरी आले की आधी ते वाकून पिंपात बघायचे, मग आमच्याकडे. ताईला वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावातून स्थळ सांगून आलं, तेव्हा वडिलांनी मुद्दाम मे महिना येऊ दिला आणि मगच मुलाचं घर गाठलं. तिकडच्यांनी पोहे पुढे केले. वडील म्हणाले, "विहीर कुठे आहे?" त्यांना मागच्या शेतात नेलं. वडिलांनी आत खडा टाकून आवाज ऐकला, दोर सोडून पाणी मापलं, पोहऱ्याने काढून ओंजळभर प्यायले आणि म्हणाले, "मुलगी दिली." मुलगा तेव्हा गोठ्यात म्हशीला पेंढा घालत होता. "मला कोनी विचारलंच न्हाय," असं भावजी अजूनही पाहुण्यांना सांगतात.

वडिलांचा हिशेब बरोबर ठरला. ताई त्या पाण्यावर भेंडी, पडवळ, काकडी, अळू काढते. सकाळच्या बसने टोपली घेऊन वज्रेश्वरीला जाते, देवीच्या दर्शनाला आलेल्या लोकांना विकते, आणि उरलेलं गणेशपुरीला आश्रमाच्या बाजूला संपतं. घरात पैसा भावजींच्या भातशेतीपेक्षा ताईच्या वाफ्यांतून जास्त येतो. हे मी आकड्यांनिशी सांगू शकतो, पण भावजींसमोर सांगत नाही.

मी आकड्यांचा माणूस. सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या कारखान्यात हिशेब लिहितो. दुकानदाराने बिलात चूक माझ्या फायद्याची केली तरी मी परत जाऊन सांगतो, त्यामुळे माझ्याबरोबर खरेदीला यायला बायकोला आवडत नाही. म्हणूनच बहुधा ताईचा फोन मला आला, गावातल्या कुणा पुढाऱ्याला नाही.

"आपल्या विहिरीला खुंटी मारली रे कुणीतरी," ती म्हणाली.

"विहिरीला?"

"काठाला. लाल रंगाची. आणि पंचायतीत कागद चिकटवलाय. गॅसची नळी जाणार म्हणतात. तू ये. इथे सगळे वाचल्यासारखं करतात, वाचत कोणी न्हाय."

रविवारी मी गेलो. कागद खरा होता. कुठल्याशा लांबच्या वीजप्रकल्पाला गॅस नेणारी मोठी वाहिनी जमिनीखालून जाणार होती. ती वाटेत अभयारण्याच्या हद्दीतून जात असल्यामुळे तिला दिल्लीची मंजुरी लागणार होती, आणि दिल्लीने मंजुरी देण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. एक म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास. तो झाला होता. दुसरी म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकणं, म्हणजे जनसुनावणी. ती पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी याच गावात होती. वाहिनी जाते त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही आणि विहीर ठेवता येत नाही. ताईची विहीर पट्ट्याच्या अगदी मधोमध होती. म्हणजे बुजवायची होती.

ग्रामपंचायतीतल्या लिपिकाकडे मी अभ्यासाचा अहवाल मागितला.

"कोनता?"

"पर्यावरणाचा."

"त्यो होय!" त्याने कपाटावरून तो काढला, धूळ फुंकली आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "तुमी पयले. पन बाहेर न्याचा न्हाय, हितंच वाचा. आनि वाचता कशाला? मी सांगतो ना. नळी जानार."

मी ओट्यावर बसून वाचायला घेतला. पहिल्या भागात या परिसरात जेवढा पाऊस पडत होता, तिसऱ्या भागात त्याच्या निम्मा झाला होता. मधल्या भागात तो कुठे वाहून गेला ते कळेना. एका तक्त्याची बेरीज चुकली होती. एके ठिकाणी गावकऱ्यांचं मुख्य पीक बाजरी असं लिहिलं होतं. आमच्याकडे बाजरी फक्त वाण्याच्या दुकानात दिसते. अहवाल लिहिणाऱ्याने दुसऱ्या कुठल्यातरी गावाचा मजकूर उचलून इथे ठेवला असावा आणि त्याबरोबर थोडी बाजरी सांडली असावी.

मग गावाचा तक्ता आला. विहिरी: निरंक. मोठी झाडे: निरंक. धार्मिक स्थळे: निरंक. सर्प: आढळले नाहीत. पक्षी: कावळा.

मी मान वर केली. समोर देवीचं देऊळ होतं आणि कुणीतरी आत शिरताना घंटा वाजवली. देवळाच्या मागे चिंच होती, जिच्या सावलीत अर्धं गाव मावतं. कुंपणावर एक भारद्वाज बसला होता. मी तक्ता पुन्हा वाचला. एकूण लोकसंख्या मात्र दिली होती. पाणी, झाड, देव, साप काहीच नसलेल्या जागी एवढे लोक काय करत होते याचा खुलासा नव्हता.

घरी येऊन मागच्या शेतात गेलो तर विहिरीवर पत्रे. पत्र्यांवर पेंढ्याचा ढीग. एका कोपऱ्यातला पत्रा सरकवून ताई तेवढ्या फटीतून पोहरा सोडत होती.

"हे कोणी टाकलं?"

"विचार तुझ्या भावजींना."

भावजी पडवीत बसले होते. मी म्हणालो, "अहवालात लिहिलंय, तुमच्या शेतात विहीर नाही."

"मंग?"

"विहीर आहे."

"हायच की."

"मग नाही असं त्यांना कोणी सांगितलं?"

भावजींनी तंबाखू काढली. ती मळण्यात त्यांनी इतका वेळ लावला की मला उत्तर कळलंच.

"टोपीवाला एक जन आलेला," ते शेवटी म्हणाले. "गळ्यात कार्ड, हातात यंतर. बोलतो, काका, जागेत पानी साचतं का? मी बोललो, न्हाय. झाडं हायेत का? न्हाय. हिर हाय का? आता तू मला सांग. भिवंडी तालुक्यात टोपी घालून जागा बघाला येतो, त्यो कोन असतो?"

"कोण?"

"गोदामवाला!"

ते खरं होतं. वडप्याला महामार्गाच्या कडेने गोदामं उभी राहिली, तेव्हापासून आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट पाठ झाली आहे. गोदामवाल्याला जागा सपाट लागते, मोकळी लागते आणि कटकटीविना लागते. विहीर म्हणजे खोट. आंबा म्हणजे खोट. शेंदूर लावलेला दगड असला तर भाव विचारायचाच नाही. टोपीवाला शेजारच्या गावात फिरतोय असं कळल्यावर भावजींनी आदल्या दिवशी विहिरीवर पत्रे टाकले होते, आणि तो भाव सांगायला परत येईल या आशेने अजून काढले नव्हते. आणि हे एकट्या भावजींनी केलं नव्हतं. अख्ख्या गावाने केलं होतं. प्रत्येकाने आपली जागा इतकी मोकळी सांगितली की गावच पुसलं गेलं. शेजाऱ्याने तर मोहराने लगडलेल्या आंब्याखाली उभं राहून, "त्यो वाळलाय, पाडाचाच हाय," असं सांगितलं होतं.

"सापांचं काय सांगितलंत?"

"बोललो, साप काय, गांडूल बी न्हाय."

आतून ताईचा आवाज आला. "सगळ्याला न्हाय, न्हाय! बायको हाय का विचारलं असतं तर ती बी न्हाय बोलला असता."

"त्यानं विचारलंच न्हाय," भावजी म्हणाले. त्यांचा सूर थोडा हळहळल्यासारखा होता.

मी म्हणालो, "भावजी, त्या पट्ट्यात गोदामसुद्धा बांधता येत नाही."

भावजींचा अंगठा तंबाखूवर थांबला. "म्हंजे?"

"म्हणजे जागा मोकळी दिसली म्हणून त्यांनी नळी इथूनच आखली. विहीरही जाणार आणि गोदामवालाही येणार नाही."

ताई बाहेर आली. हातात पडवळ होतं, पण ते धरण्याची पद्धत भाजी चिरणाऱ्याची नव्हती. "ऐकून ठेवा," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी मला ह्या विहिरीला दिलंय, तुमाला न्हाय. विहीर गेली तर मी भिवंडीला जाईन."

"थयं पानी कुठं हाय?" भावजी म्हणाले. हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.

मी पुढचे दोन रविवार बसून हरकतींचे अकरा मुद्दे काढले. प्रत्येकाला पान क्रमांक दिला. मला ते फारच चोख वाटले. ताईने ऐकून घेतले आणि विचारलं, "हे ऐकायला लोक कुठनं आणायचे?"

"जाहिरात पेपरात आहे. नोटीस पंचायतीत आहे. ज्याला यायचंय तो येईल."

भावजी हसले. "कोन न्हाय येनार. आवतान कुठंय?"

"नोटीस आहे ना."

"नोटीस जप्तीची येते. कार्याला आवतान लागतं."

आवतण म्हणजे दारात येऊन दिलेलं बोलावणं. ताईच्या गावात बारसं असो की बारावं, घरची बाई उंबऱ्याशी येऊन हळदीचे चार तांदूळ हातावर ठेवून "या" म्हणाली, तरच माणूस जातो. सख्ख्या भावाच्या घरी लग्न असलं आणि आवतण राहिलं, तर तो समोरच्या ओट्यावर बसून वरात बघेल, पण मांडवात पाय टाकणार नाही. मी म्हणालो की कायद्याने आवतणाची गरज नाही. ताई म्हणाली, "कायद्याला नसेल. माणसांना लागतं." मी निदान पत्रकं छापू का विचारलं. ती म्हणाली, "छाप. चुलीला उपयोगी पडतात."

मग ती आणि तिची जाऊ संध्याकाळी घरोघर फिरल्या. "सोमवारी मांडवात या. घरातली सगळी या."

"कार्य कसलं?" लोक विचारत.

"माझ्या हिरीचं."

यापुढे कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी मी रजा टाकून सकाळीच पोचलो. ताईच्या शेताला लागूनच गावाचं क्रिकेटचं मैदान आहे, तिथे कंपनीने मांडव घातला होता. मांडववाला लग्नाचाच होता. त्याच्याकडे साध्या मोठ्या खुर्च्या उरल्या नसाव्यात, कारण स्टेजवर नवरानवरीची लाल मखमलीची सिंहासनं होती. अध्यक्ष म्हणून जिल्ह्याहून एक वरिष्ठ अधिकारी बाई आल्या होत्या आणि नोंदी घ्यायला प्रदूषण मंडळाचे एक तरुण अधिकारी. दोघांनाही त्या सिंहासनांवर शेजारी शेजारी बसावं लागलं. कंपनीच्या साहेबांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. मागे झेंडूची कमान होती.

"नवरी जरा जून वाटते," माझ्यामागे बायकांत कुणीतरी म्हणालं.

"नवरा कोवला हाय, चालून जाईल."

आणि गाव आलं. बायका जरीच्या साड्यांत, पुरुष इस्त्रीच्या शर्टात, म्हातारे पांढऱ्या टोप्यांत. एक आजी सरळ स्टेजवर चढल्या आणि त्यांनी अध्यक्षबाईंच्या ओटीत नारळ घातला. "हे नोंदवायचं का?" तरुण अधिकाऱ्याने हळूच विचारलं. माईक चालू होता.

कंपनीचे साहेब आधी खूश झाले. त्यांनी पन्नासेक माणसांची तयारी केली होती. लाडू आणि वेफर्सची पाकिटं पहिल्या काही रांगांत संपली, पाण्याच्या बाटल्या त्याहून आधी. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवून प्रकल्पाची माहिती दिली. मांडवाचं कापड पातळ असल्यामुळे आत ऊन इतकं होतं की पडदा शेवटपर्यंत पांढराच दिसला. लोकांनी तो शांतपणे बघितला.

मग मी बोलायला उठलो. अकरा मुद्दे, पान क्रमांकांसह. पाऊस निम्मा होतो ते सांगितलं, बेरीज चुकली ते सांगितलं, बाजरी सांगितली, विहीर सांगितली. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्नात आहेर वाचणारा थांबला की वाजतात तेवढ्या.

"आपलं म्हणणं नोंदवलं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

कंपनीचे साहेब उठले. माणूस वाईट नव्हता. आवाज न चढवता ते म्हणाले, "विहिरींची माहिती आमच्या माणसाने जागेवर जाऊन, जमीनमालकांना विचारून घेतली आहे. या शेताच्या मालकांनी स्वतः विहीर नाही असं सांगितलं. मग आम्ही ती कुठून लिहिणार?"

यात एक शब्दही खोटा नव्हता. चार रांगा पुढे भावजी बसले होते, त्यांची मान शर्टाच्या कॉलरमध्ये गेली.

"आणखी कुणाला काही बोलायचं आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कुणी हललं नाही. एवढं गाव जमलेलं आणि चूप. पहिल्या रांगेत भावजींचे थोरले काका बसले होते. गावात ते बोलल्याशिवाय दुसरं कुणी बोलत नाही. मी वाकून त्यांच्या कानाशी लागलो. "काका, बोला ना काहीतरी."

"काय बोलाचं?" काका म्हणाले. त्यांच्या मिशीला लाडवाचा चुरा होता. "ज्याच्या मांडवात बसलो, ज्याचा लाडू खाल्ला, त्याला तोंडावर न्हाय बोलाचं? ही रीत न्हाय."

"काका, विहीर जाईल."

"जाईल तर वाईटच हाय. उद्या बोलू. त्यांचा मांडव उतरू दे."

उद्या बोलून काही उपयोग नव्हता. जे बोलायचं ते आज, इथे, या वहीत जायला हवं होतं. तेच दिल्लीला जाणार होतं. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि समारोपाला सुरुवात करणार, तेवढ्यात बायकांमधून ताई उठली. ती स्टेजकडे गेली नाही. सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन.

"काका, तुमाला आवतान कोनी दिलं?"

"तू दिलंस."

"ह्या सायबांनी दिलं?"

"त्यांनी पेपरात दिलं म्हनतात."

"मंग मांडव कोनाचा?"

काका विचारात पडले. त्यांनी डावीकडच्या म्हाताऱ्याच्या कानात काही सांगितलं, मग उजवीकडच्या. तिघांत थोडा वाद झाला. एकाचं म्हणणं होतं की ज्याने भाडं भरलं त्याचा मांडव. काकांनी त्याला त्याच्याच मुलाच्या लग्नाची आठवण करून दिली, ज्याचं भाडं मामाने भरलं होतं. अध्यक्षबाई, तरुण अधिकारी आणि कंपनीचे साहेब तिघेही निकालाची वाट बघत होते.

काका काठी टेकून उठले. "मांडव आवतान देनाऱ्याचा," ते मोठ्याने म्हणाले. "भाडं कोनी बी भरू दे."

"म्हंजे हे सायब कोन?" ताईने विचारलं.

"पावने."

"आजोबा, ही शासकीय जनसुनावणी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"असू दे ना, बाई. तुमी आरामात बसा. पावन्यांनी उठाचं न्हाय." मग काका ताईकडे वळले आणि ओरडले, "आनि तू काय बघत उभी ऱ्हायलीस? पावनी घामानं भिजली, त्यांना पानी विचारलंस काय? तुझा घरवाला कुठं हाय?"

घरवाला चौथ्या रांगेत होता. आता तो यजमान झाला होता, आणि यजमानाला पाहुण्यासाठी पाणी आणावं लागतं. भावजी उठले. सगळ्या गावाच्या नजरा पाठीवर घेऊन मैदान ओलांडून शेतात गेले. थोड्या वेळाने तिकडून पत्र्यांचा खडखडाट ऐकू आला. एक पत्रा, दुसरा पत्रा, मग सगळे. त्या आवाजाइतकं स्पष्ट माझ्या अकरा मुद्द्यांत काहीच नव्हतं.

भावजी खांद्यावर हंडा घेऊन आले. शर्ट ओला, डोक्यात पेंढा. ताईने तांब्या भरून अध्यक्षबाईंना दिला. बाई प्यायल्या. थांबल्या. तांब्या पुन्हा पुढे केला.

"गोड आहे पाणी," त्या म्हणाल्या.

"लिवा," ताई म्हणाली.

"काय लिहू?"

"गोड हाय ते."

मी मागून म्हणालो, "मॅडम, कुठल्या विहिरीचं तेही."

अध्यक्षबाई भावजींकडे वळल्या. "या शेताचे मालक तुम्ही? विहीर नाही असं तुम्हीच सांगितलं होतं?"

भावजींच्या खांद्यावर हंडा तसाच होता. खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही, ती तांब्या विसळत होती. हो म्हटलं तर गावासमोर खोटारडे ठरणार होते, नाही म्हटलं तर अहवालातला निरंक तसाच राहून विहीर जाणार होती.

"सांगितलं व्हतं," भावजी म्हणाले.

"का?"

"सायब, मला वाटलं गोदामवाला हाय."

अध्यक्षबाईंना सायब म्हटलं याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. प्रत्येकाच्या मनात आपापला टोपीवाला उभा राहिला होता. मग काका हसले. त्यांच्यामागून पहिली रांग, मग सगळं गाव. कंपनीचे साहेबही हसले आणि पटकन गंभीर झाले.

त्यानंतर लोकांना आवरणं कठीण झालं. यजमान बोलला, आता रीतीचा प्रश्न नव्हता. "माझी बी हिर हाय, लिवा!" "माझा आंबा वाळला न्हाय, खोटं बोललो व्हतो!" "देऊल लिवा, देवी कोपेल!" इथवर ठीक होतं. पण ज्या गावाने सगळं नाही म्हणून सांगितलं होतं, त्याला आता आहे म्हणायची गोडी लागली. एकाने आपल्या दोन विहिरी लिहायला लावल्या. दुसऱ्याने मोर सांगितले. काकांनी बिबट्या रोज येतो असं सांगितलं.

मला राहवेना. मी पुन्हा उठलो. "मॅडम, यांच्या विहिरी दोन नाहीत, एकच आहे. दुसरा खड्डा आहे."

"तू कोनाच्या बाजूनं हायेस रे?" तो गरजला.

"आणि बिबट्या रोज येत नाही. मागच्या वर्षी एकदा आला होता म्हणतात, तोही बघितला कुणी नाही."

"मी बगितला!" काका म्हणाले.

"काका, तुम्हाला मोतीबिंदू आहे."

ताई मला दातओठ खाऊन खाली बस म्हणत होती. पण खोट्या निरंकावर हरकत घ्यायची आणि खोटा बिबट्या तसाच जाऊ द्यायचा, हे मला जमत नाही. शेवटी विहिरी खऱ्या तेवढ्याच लिहिल्या गेल्या आणि बिबट्याबाबत मतभेद आहेत असं नोंदवलं गेलं.

नियम असा आहे की लिहिलेलं त्याच दिवशी लोकांना वाचून दाखवायचं. तरुण अधिकाऱ्याने सिंहासनावरून वाचलं. "जमीनधारकाने असे कथन केले की, माहिती देतेवेळी समोरील व्यक्ती गोदाम खरेदीदार असल्याचा त्याचा समज झाला होता. सदर विहिरीचे पाणी अध्यक्षांनी प्राशन केले. पाणी गोड आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. या खऱ्या होत्या.

दिल्लीचं उत्तर यायला बरेच महिने लागले. त्या काळात ताईने फोनवर एकदाही विहिरीचा विषय काढला नाही. फक्त काकड्या नेहमीपेक्षा जास्त पाठवल्या, जणू पुढचं पीक धरता येईल याची तिला खात्री नव्हती. मग मंजुरी आली, अटींसह. वाहिनी ताईच्या शेतातून सरकून रस्त्याच्या कडेने गेली. वाहिनीजवळच्या विहिरींचं पाणी कंपनीने वर्षातून दोनदा तपासायचं. पावसाचा आकडा मात्र अंतिम अहवालातही तसाच निम्मा राहिला आहे. त्याबद्दल मी पत्र लिहिलं आहे. उत्तर नाही.

पत्रे भावजींनी कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकले. पाणी तपासायला माणूस बाटली घेऊन येतो, तेव्हा ताई त्याला नुसती बाटली भरून जाऊ देत नाही, चहा पाजते. पहिल्या तपासणीत पाणी पिण्यास योग्य असल्याचा कागद आला. "मंग इतकी वर्षं आमी काय पीत व्हतो?" असं म्हणून तिने तो देव्हाऱ्यात ठेवला.

परवा मी गेलो होतो. पडवीत बसलो होतो, तर टोपीवाला एक माणूस बांधावरून आला. हातात यंत्र, गळ्यात कार्ड. भावजी उठले आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "हिर हाय. बारमाही पानी हाय. मागं आंबा हाय, चिंच हाय. साप हायेत, नाग बी हाय. बांधावर देव हाय. पावसात गुडघाभर पानी साचतं. सगळं लिवून घ्या, काय सोडू नका."

त्या माणसाने कार्ड खिशात टाकलं आणि म्हणाला, "नहीं काका, हमको तो गोडाऊन के लिए खाली जगह चाहिए थी."

भावजींचं तोंड उघडंच राहिलं. तो वळून निघालाही होता. आतून ताई तांब्या घेऊन आली आणि तिने त्याला थांबवलं.

"रुको भाई," ती म्हणाली, "पानी तो पीके जाओ."